वरून पाणी

आई, दादांना साधं पाणी देणं बंद केलंय. एवढं लिहून मी बराच वेळ थांबले, कारण तू असतीस तर याच्या पुढचं ऐकूनच घेतलं नसतंस. दारात आलेल्या माणसाला नाव विचारायच्या आधी पाणी देणारी तू. तू गेल्यावर पुष्कळ वर्षांनी दादांच्या उजव्या हाताला कंप सुटला, मग चालणं आखडलं, मग चेहरा हलेनासा झाला, आणि आता गिळणं. डॉक्टर याला पार्किन्सन म्हणतात. मी त्यांना बेलापूरहून इथे नगरला लेकीच्या घरी आणलं. त्यांचा घास अन्ननलिकेऐवजी श्वासाच्या वाटेला लागतो, आणि सगळ्यात आधी चुकतं ते पाणी, कारण ते फार पटकन सरकतं. म्हणून पाण्यात एक पावडर कालवून ते घट्ट करायचं आणि चमच्याने द्यायचं. पहिल्या दिवशी दादांनी चमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ही खळ हाय का? पोस्टरं चिटकवायचीत काय, पोरी?” त्यांचा चेहरा हसला नाही, पण मी हसले. तेव्हा त्यांना एवढं बोलता येत होतं.

गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की प्रत्येक घासाला हनुवटी छातीकडे हवी. मान वर गेली की श्वासाची वाट उघडी पडते. आमचं अडतं ते इथेच. तुला आठवतं का, मळ्यात एकदा मी तांब्याला तोंड लावलं होतं. तू तो माझ्या हातातून काढून घेतलास, मातीने घासलास, पुन्हा भरलास आणि म्हणालीस, “समद्यांचा तांब्या हाय. वरून पी.” दादा बांधावर बसून मला दाखवतायत. मान मागे, तोंड उघडं, धार सरळ घशात, मध्ये श्वाससुद्धा नाही. माझ्या नाकात पाणी जातं, मी ठसकते, आणि ते हसतायत. जन्मभर ते असेच प्यायले. आता चमचा जवळ आला की मान आपोआप मागे जाते. मी एका हाताने त्यांचं डोकं पुढे धरते आणि दुसऱ्याने भरवते. “दादा, खाली बघा.” ते बघतात. पुढच्या चमच्याला मान पुन्हा वर. त्यात हट्ट नसतो. अंगाला तेवढंच ठाऊक आहे.

दिवाळीनंतर नाना भेटायला आले, तुझे धाकटे दीर. मी स्वयंपाकघरात भात आणि वरण मिक्सरमधून काढत होते. गोळीचा असर असतो तेवढ्या वेळातच दादांना बरं गिळता येतं, म्हणून माझी घाई चाललेली. मिक्सर बंद केला तेव्हा ठसका ऐकू आला. बाहेर येऊन बघते तो नानांनी दादांच्या मानेखाली हात घातलेला, दुसऱ्या हातात तांब्या, आणि दादांची छाती भिजलेली. मी काही बोलायच्या आधी नानाच म्हणाले, “आगं, तहानंनं जीव जाईल त्यांचा. पान्याला कुनी न्हाई म्हनतं व्हय?” त्यांचे डोळे भरले होते. पाणी देऊ नका हे मी त्यांना आल्या आल्या सांगितलं होतं, पण का ते नीट सांगितलं होतं का, हे मला अजून आठवत नाही. खरं सांगायचं तर त्या ठसक्याच्या आधीचे दोन घोट दादांनी सुखाने गिळले असणार.

पाणी छातीत उतरलं, न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नाकातून नळी घातली, दादांनी ती ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. आता डॉक्टर म्हणतात, पोटातून नळी घालू, नाहीतर तोंडाने जेवढं जाईल तेवढं द्या आणि पुढे जे होईल ते होईल, असं ठरवून घरी न्या. ठरवायचं मी. काल त्यांना घरी आणलं आहे, पण ते ठरवून नाही, नुसतं उत्तर लांबवून. आज दुपारी मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि सगळं सावकाश समजावलं. नळी म्हणजे काय, नळी नसली तर काय. मग विचारलं, “दादा, काय करू?” मग त्यांनी मान मागे टाकली आणि तोंड उघडलं.

मी घट्ट पाण्याचा चमचा भरला. त्यांचं डोकं पुढे आणलं, भरवलं. त्यांनी ते तोंडात धरून ठेवलं आणि ओठांच्या कोपऱ्यातून हळूहळू बाहेर सोडून दिलं. माझ्याकडे बघत होते. म्हणाले, “पानी.”

ते उत्तर होतं की नुसती तहान, हे मी स्वतःला दुपारपासून विचारते आहे. तुला विचारावं असं वाटलं म्हणून लिहायला बसले, पण तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे, आणि ते ऐकायचं बळ माझ्यात नाही. डॉक्टरांना फोन करून आणखी दोन दिवस मागितले.

हा कागद घडी करून मी डब्यांच्या मागे ठेवून देईन. एकच सांगायचं राहिलं. मघाशी मी त्यांचा तांब्या भरला, त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत नेला आणि परत आणला. मग ओट्याशी उभी राहून, त्यांना दिसणार नाही अशी, ते पाणी मीच प्याले. तोंड लावून.