सर्व्हरवर सगळे सारखे

२७ ऑक्टोबर २००७, सकाळ
आजपासून सायबर कॅफेच्या गेम सर्व्हरचा ॲडमिन मी. मालक ईश्वरशेठ म्हणाले, निकेत, तू बारावी नापास असलास तरी डोकं शांत आहे. पहिला भाग गाळून आईला सांगितलं. संकल्प: शिवीगाळ बंद. पक्षपात शून्य.

२९ ऑक्टोबर
सर्व्हरला शिव्या शिकवल्या. टाइप केली की फुल्याच पडतात. एकेका शिवीची सगळी स्पेलिंग्ज दिली. निष्काळजी माणसाचं काम नव्हे.

३१ ऑक्टोबर
रोज खेळायला येणाऱ्या अभिनवने गेममधलं नाव बदलून ‘सफाई’ ठेवलंय. साहिलला गोळी घातली की चॅटवर लिहितो, नया नगर खाली करा, पाकिस्तानात जा. त्याचे मित्र हसतात. साहिल राहतो नया नगरच्या मुस्लिम वस्तीत, पण मूळचा आमच्याच गुहागरचा. माझा एकुलता एक मित्र.
चॅट दोनदा तपासली. शिवी एकही नाही.

२ नोव्हेंबर, दुपार
साहिल काउंटरवर आला. हळूच म्हणाला, “निकेत, ते नाव तरी काढ यार. गेममध्ये मारतात त्याचं काय नाय. पण काल खाली रस्त्यावर पण माझ्या मागून तेच बोलत आले.”
समजावलं. राजकारण ॲडमिनने ठरवायचं नसतं. आज एक नाव काढलं तर उद्या सगळ्यांचीच तपासावी लागतील. शिवाय रस्ता सर्व्हरमध्ये येत नाही.
पटलं असावं. तासाचे पैसे ठेवून निघाला.

३ नोव्हेंबर
तरीही कडक कारवाई केली. दोघांनाही एक दिवस बंदी. अभिनवला चिथावणीबद्दल. साहिलला समतोलासाठी.
अभिनव तासाभरात ‘सफाई२’ नावाने आला. बंदी जुन्या नावावर होती, त्यामुळे इलाज नाही.

६ नोव्हेंबर
साहिल येत नाही. बंदी संपल्याचं कळलं नसेल. फोन उचलत नाही. ईश्वरशेठ म्हणाले, अभिनव टोळकं घेऊन येतो, हा एकटा यायचा, त्यात विचार कसला करतोस.
साहिलची जागा जाऊ नये म्हणून त्याच्या मशीनवर त्याच्याच नावाने गेम सुरू करून ठेवला.

८ नोव्हेंबर
खुर्चीत कोणी नसल्यामुळे साहिलचा प्लेयर नुसता उभा राहतो. दर डावाला सगळे आधी त्याच्याकडे जातात. तो पळत नाही. पडतो. पुढच्या डावाला परत तिथेच उभा.
बंद करणार होतो. पण बंद केलं तर साहिल गेला असं होईल. चालू ठेवलं.

१० नोव्हेंबर
डोळे मिटले तरी तो उभाच. आई म्हणाली, जेवताना भिंतीकडे काय बघतोस. तब्येत उत्तम आहे.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
आज त्या खुर्चीत मी बसलो. म्हटलं, निदान त्याला चालवावं. चालवला. एक खोली पार केली.
चॅटवर ‘सफाई२’ने लिहिलं, आलास का परत. खाली थांबतो. घर माहितीय तुझं.
दाराकडे बघितलं. मग टाइप केलं, मी साहिल नाही. निकेत आहे.
लगेच उत्तर आलं, “सॉरी निकेतभाऊ. तुम्ही तर आपलेच.”
त्यानंतर कोणी त्रास दिला नाही.
मी त्यांना थँक्यू लिहिलं.