ओ देणारी

प्रिय पोरी,

नावानं हाक मारत नाही म्हणून रागावू नकोस. तुझ्या आईचंच नाव तुला ठेवलंय, आणि गेलेल्या माणसाचं नाव आपल्यात घ्यायचं कसं? ती गेल्यापासून इथं सगळे तुला ‘अ‍ॅडलेडवाली’च म्हणतात. कुणी चौकशी केली की मी सांगते, मजेत आहे, मऊ पाव खाते आणि आम्हाला विसरते. कांगारूचं शेपूट भाजलं की तुझ्या वाटचा तुकडा अजून बाजूला काढते. मग तो कुत्रा खातो.

खडकातल्या पाण्याचं चित्र तुझी आई आणि मी, दोघी बहिणींनी मिळून काढायला घेतलं होतं, ते अर्धंच राहिलंय. माझ्या बाजूचे ठिपके भरून झाले. तिची बाजू उघडी आहे. आमच्या बापानं वाळूत बोटानं काढून दाखवलेल्या रेषा तिथं उघड्या दिसतात, ठिपक्यांनी झाकायच्या, परक्यानं बघू नयेत अशा. म्हणून कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. चित्रकेंद्रातला नवा गोरा पोरगा, कॅमरन, परवा म्हणाला, “मर्टल आंटी, मस्त झालंय, टाका की ठिपके भरून!” म्हटलं, “तुला मस्त दिसतंय रे बाबा. पण हे पाणी आम्हाला बापाकडून आलंय. आम्ही काढायचं, आणि बरोबर की चूक ते बहिणीच्या लेकीनं शेजारी बसून सांगायचं. ती नसताना ब्रशला हात लावायची माझी छाती नाही.” बिचारा चहा टाकायला गेला.

तुझ्या आईनं मागं फिरू नये म्हणून घराला धुरी दिली, तिचे कपडे जाळले. तरी संध्याकाळी अंगणात तिच्यासारखाच डावा पाय घासत कुणीतरी चालतं. चित्रापाशी आलं की थांबतं. कुत्रा भुंकत नाही गं, शेपूट हलवतो. मला भीती वाटते, आणि तिची फार आठवण येते.

आता खरं सांगते. माझी मूत्रपिंडं गेली. पुढच्या आठवड्यात मला अ‍ॅलिसला, शहरातल्या दवाखान्यात, रक्त धुवायच्या मशीनवर नेणार आहेत, आणि तिथून आपली माणसं बहुतेक पेटीतूनच परत येतात. त्याआधी ये. चित्र बघ, मग आपण त्या खडकातल्या पाण्यावर जाऊ. फार दिवसांनी आलेल्याचं नाव पाण्याला ओरडून सांगावं लागतं, नाहीतर ते ओळखत नाही. म्हाताऱ्यांनी तुझ्या आईच्या नावाची बंदी उठवलीय, पण माझ्या तोंडून ते अजून निघत नाही. एकटीनं हाक मारली आणि तिनंच ओ दिली तर? तू माझ्या शेजारी उभी राहा. मी हाक मारीन. ओ तू दे.

तुझीच धाकटी आई,
मर्टल