वीस घागरी पाणी आणि छताखाली बसण्याबाबत

दिनांक : २७ मे १९८३

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
वादळग्रस्त घरदुरुस्ती कक्ष,
लातूर.

अर्जदार : पंचशीला ज्ञानोबा सोनकांबळे, बी.एस्सी., विज्ञान शिक्षिका, मु. पो. वडगव्हाण, ता. औसा, जि. लातूर (नवीन).

विषय : दुरुस्त केलेल्या माळवदाची मृगापूर्वी पाण्याने चाचणी करण्यासाठी वीस घागरी पाणी वापरण्याची परवानगी मिळणे व चाचणीच्या वेळी संबंधितांनी छताखाली बसण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, दि. ११ मे. २) माझा तक्रार अर्ज, दि. १३ मे. ३) आपले उत्तर, दि. २० मे.

महोदय,

संदर्भ क्र. ३ अन्वये आपण मला दोन ओळींत कळवले आहे की, पाहणीच्या दिवशी आमचे छत गळत नव्हते, सबब तक्रार दप्तरी दाखल करण्यात येत आहे. या दोन ओळींतील माहिती खरी आहे. पाहणी ११ मे रोजी दुपारी झाली. त्या दिवशी शाळेच्या तापमापकात पारा बेचाळीसवर होता आणि गावात नाव घेण्यासारखा पाऊस पडून आठ महिने झाले होते. त्या दिवशी औसा तालुक्यातले एकही छत गळत नव्हते. ज्या घरांना छतच उरलेले नाही, तीही गळत नव्हती.

वस्तुस्थिती क्रमाने मांडते.

१. दिनांक १७ एप्रिल रोजी संध्याकाळी अर्धा तास वादळ झाले. सुपारीएवढ्या गारा पडल्या. पाणी धूळ बसण्यापुरतेही पडले नाही. शेजारच्या निंबाची फांदी मोडून आमच्या मातीच्या माळवदाच्या एका कोपऱ्यावर आली आणि चार फूट बाय तीन फूट एवढा भाग खचला. बाकीचे छत जागेवर होते. खालच्या सागवानी तुळया मी त्याच वेळी शिडी लावून तपासायला हव्या होत्या. शाळेत वार्षिक परीक्षा चालू होती, मी तपासल्या नाहीत. ही माझी चूक आहे आणि ती मी आपल्या कक्षाच्या खाती टाकू इच्छित नाही.

२. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता घरदुरुस्तीचे ठेके घेणारे अमृतराव गुत्तेदार दारात उभे होते. तलाठी पंचनाम्यासाठी त्यानंतर तीन दिवसांनी आले. गुत्तेदारांजवळ छापील फॉर्म होते, मात्र ते जुन्या जिल्ह्याचे होते. जिल्ह्याचे नाव पेनाने खोडून वर "लातूर" लिहिले होते. ते एकटेच वर चढले, मला खालीच थांबायला सांगितले, आणि वाळवीने पोखरलेला वीतभर लाकडाचा तुकडा घेऊन उतरले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते: "बाई, लाकूड लई सडलंय. आज हाय, उद्या न्हाई. आता तुमी सायन्सवाल्या, तुमाला म्या काय सांगावं?"

एखादा नमुना हाती आला की त्यावर तारीख आणि ठिकाण घालण्याची मला सवय आहे. त्या तुकड्याच्या खालच्या बाजूला मी पेन्सिलीने "१८.४, आमचे घर" असे लिहिले. गुत्तेदार तो तुकडा "साहेबाला दाखवायला" म्हणून घेऊन गेले. २० तारखेला त्यांच्या माणसांनी आमचे संपूर्ण माळवद उतरवले. २१ तारखेला शेजारच्या महानंदाबाई (पती बसवंतअप्पा, किराणा दुकान) तोच तुकडा हातात घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, माझ्या तुळईवर तुझं अक्षर कसं गं?" चौकशी करता कळले की आमच्या गल्लीतील अकरा घरांची लाकडे त्याच एका तुकड्याने सडवली आहेत.

३. उतरवलेल्या पाच सागवानी तुळया गुत्तेदारांनी बैलगाडीत घालून नेल्या. मोजणीच्या वहीत त्यांची नोंद "जळाऊ लाकूड" अशी आहे. लातूरला जिल्हा झाल्यापासून तेथे बंगले उठत आहेत आणि जुन्या सागवानाला तेथे फार मागणी आहे, असे ऐकते. ते चुलीसाठीच असेल, तर लातूरकरांचे जेवण फार उंची लाकडावर शिजते आहे असे म्हणावे लागेल.

४. सागवानाच्या जागी बाभळीचे ओले लाकूड घातले. काम ६ मे रोजी संपले. त्या दिवशी मी मधल्या तुळईखाली दोरी ताणून वाक मोजला: अकरा मिलिमीटर. २५ मे रोजी तोच वाक चौतीस मिलिमीटर भरला. या एकोणीस दिवसांत छतावर पाण्याचा एक थेंब पडलेला नाही. दोन्ही मोजण्या दोन साक्षीदारांसमक्ष केल्या आहेत.

५. माळवदावर पांढरी माती घालतात, हे मराठवाड्यात शाळेत न गेलेल्यालाही माहीत असते. आमचे छत पांढरे दिसते खरे. पण खिळ्याने रेघ ओढली की खाली काळे लागते. वर चुन्याचा हात दिला आहे. गावातले जुने गवंडी मडिवाळप्पा यांना मी ती माती दाखवली. त्यांनी चिमटीत चुरडली, वास घेतला आणि सांगितले, "ही तळ्यातली हाय, बाई. गाळ हाय ह्यो. ह्याच्यात ज्वारी यील, घर न्हाई." गावचे तळे कोरडे पडल्याने गाळ फुकट मिळतो. दुष्काळाचा एवढा उपयोग या तालुक्यात दुसऱ्या कोणी करून घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मडिवाळप्पांचे मत पुरेसे होते. तरीही शाळेच्या प्रयोगशाळेत मी तपासून पाहिले. छतावरची दहा मिलिलिटर कोरडी माती मोजपात्रातल्या पाण्यात सोडली. दुसऱ्या दिवशी तिचे आकारमान सतरा मिलिलिटर झाले. गावातली पांढरी माती तशीच सोडली असता अकरावर थांबली. याचा व्यवहारातला अर्थ असा : ही माती पाणी पिऊन फुगते आणि ते धरून ठेवते. आमच्या खोलीवर आज कोरडी माती सुमारे तेवीस क्विंटल आहे. पहिल्या चांगल्या पावसात त्यात आठ ते नऊ क्विंटलांची भर पडेल. तेवीस क्विंटलांखाली जी तुळई एवढी वाकली, तिला बत्तीस क्विंटल झेपतील का, हे आठवीतला विद्यार्थीही सांगेल. त्यामुळे आमचे छत गळेल अशी माझी तक्रारच नाही. गळण्याइतका वेळ ते टिकणार नाही, अशी आहे.

६. प्रमाणपत्रास "घरमालकाची संमती" म्हणून जो अंगठा जोडला आहे, तो माझी आई पारूबाई यांचा आहे. तो काम सुरू होण्याच्या दिवशी, मी शाळेत असताना घेतला. आईने सांगितले, "त्यो म्हणला साखरंचा कागद हाय. म्या म्हणलं, कार्डावर साखर आली आसंल." म्हणजे काम समाधानकारक झाल्याची नोंद आधी आणि काम नंतर, असा हा क्रम आहे.

७. पाहणीस आलेले शाखा अभियंता अंगणातच थांबले. त्यांनी मान वर केली, ताक घेतले आणि सही केली. शिडी मी स्वतः आणून भिंतीला लावली होती. तिचा उपयोग कोंबड्यांनी केला.

८. १३ मे रोजी आपल्या कक्षात मी समक्ष हजर झाले. तेथील कारकुनांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, "बाई, नुकसान नव्या जिल्ह्यात झालं, पण फॉर्म जुन्या जिल्ह्याचा हाय, तक्रार कुठं घ्यावी?" दुसरी, "गळत नसलेल्या घराची तक्रार कशी घ्यायची? आधी गळू द्या." तिसरी, गळतीचा पंचनामा हवा असल्यास अर्जदाराने स्वतःच्या पाण्याने चाचणी करून घ्यावी. मी पाण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्यांनी भिंतीवरील टंचाईचा आदेश दाखवला: टँकरचे पाणी पिण्याव्यतिरिक्त कशासाठीही वापरल्यास त्या घराचे पाणी बंद करण्यात येईल. चाचणी सक्तीची आणि पाणी निषिद्ध, अशी ही व्यवस्था आहे. ती ज्यांनी बसवली, त्यांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. हेच कौशल्य तुळया बसवताना लावले असते तर हा अर्ज लिहावा लागला नसता.

महोदय, आता मुद्द्याचे. आमचे घर एका खोलीचे आहे. आईचे डावे अंग तीन वर्षांपासून चालत नाही. तिची बाज मधल्या तुळईखालीच येते, कारण पावसाळ्यात भिंतीकडेला ओल व विंचू असतात. सध्या ती अंगणात झोपते. पाऊस आला की तिला आत घ्यावे लागेल, आणि पाऊस आला की आत घेता येणार नाही. शेजारी हलवा, असे आपण सुचवाल. शेजारच्या दहा घरांवरही अमृतरावांचेच छत आहे. गावात रोज पावसासाठी नवस बोलले जात आहेत. काल आईने मला विचारले, "पंचू, पाऊस यावा म्हणू का येऊ नये म्हणू, तेवढं सांग." तो प्रश्न आपल्या कक्षाकडे योग्य त्या उत्तरासाठी अग्रेषित करीत आहे.

वादळ दुसऱ्या गावातही होणार आहे, म्हणून एक विनंती मूळ मागणीपूर्वी करते. पुढील मजकूर चावडीवर लावावा व दवंडी द्यावी: जो गुत्तेदार तलाठ्याच्या आधी येतो, त्याला ओसरीवरच थांबवावे. जो एकटा वर चढतो, त्याच्यामागे घरातल्या कोणीतरी चढावे. त्याने सडलेले लाकूड दाखवल्यास त्यावर आपले नाव लिहावे व ते परत मागावे. आपली जुनी लाकडे आपल्याच अंगणात ठेवून घ्यावीत. माती घालण्यापूर्वी ती पाण्यात टाकून रात्रभर पाहावी. काम होण्याआधी कोणत्याही कागदावर अंगठा देऊ नये, साखरेच्या तर मुळीच नाही.

मूळ मागणी अशी. रविवार, दिनांक ५ जून रोजी सकाळी नऊ वाजता चाचणी घेण्यास परवानगी द्यावी. मृग त्यानंतर दोन-तीन दिवसांत निघतो. त्यापुढची तारीख निरुपयोगी आहे. छताचे क्षेत्रफळ १२६ चौरस फूट आहे. बारा लिटरच्या वीस घागरी त्यावर सारख्या ओतल्या तर वीस मिलिमीटर, म्हणजे मृगाची एक मध्यम सर होते. गावाला टँकर तिसऱ्या दिवशी येतो आणि घरटी दोन घागरी मिळतात. तरीही वीस कुटुंबांनी आपली एकेक घागर या कामासाठी लिहून दिली आहे. महानंदाबाईंनी पहिली दिली. देताना त्या म्हणाल्या, "माझी घागर घे. पर त्या मुडद्याला खाली बसव, मगच वत." या वाक्यातील भाषा माझी नाही, सूचना मात्र मला शास्त्रीयदृष्ट्या योग्य वाटते.

म्हणून विनंती की, चाचणीच्या वेळी श्री. अमृतराव गुत्तेदार व प्रमाणपत्रावर सही करणारे शाखा अभियंता यांनी मधल्या तुळईखाली, आईची बाज असते त्या जागी, पहिल्या घागरीपासून विसाव्या घागरीपर्यंत आणि त्यानंतर एक तास बसावे. दोन खुर्च्या शाळेतून आणल्या जातील. छत प्रमाणपत्राप्रमाणे असेल तर त्यांना थंडावा मिळेल. या दिवसांत तो कोणाला नको आहे?

ते बसण्यास तयार नसतील, तर त्यांचा नकार पंचांसमक्ष लिहून घ्यावा आणि तोच आपल्या कक्षाचा पाहणी अहवाल समजावा. तसे झाल्यास अकराही छतांची प्रमाणपत्रे त्याच दिवशी रद्द करून माती उतरवण्याचा आदेश द्यावा. मग पाणी सांडण्याचे कारण उरणार नाही, आणि घागरी भरलेल्या तशाच ज्याच्या त्याच्या घरी जातील.

आपली नम्र आणि रविवारी घरीच असणारी,
(सही)
पंचशीला ज्ञानोबा सोनकांबळे

सोबत :
१. तुळईच्या वाकाची मोजणी, तारीखवार, साक्षीदारांच्या सह्यांसह.
२. छतावरची माती व पांढरी माती, दोन पुड्या, नावे घालून.
३. वीस कुटुंबांची पाणी देण्याची संमती (सह्या सहा, अंगठे चौदा, अंगठा देण्यापूर्वी मजकूर प्रत्येकास दोनदा वाचून दाखवला आहे).

प्रत माहितीसाठी : १) श्री. अमृतराव गुत्तेदार. २) शाखा अभियंता. दोघांच्या प्रतींसोबत बसण्याच्या जागेचा आराखडा जोडला आहे.