‘नंतर’च्या रकान्यातली बहीण

प्रिय धाकटे,

या महिन्यात घरात नवीन आलं ते असं: भिंतीवरचा फळा, तीनशे ऐंशी. खडूंची पेटी, चाळीस. गजराचं घड्याळ, दोनशे दहा. जुनं नीट चालत असताना. हे सगळं तुझ्या भावजींनी माझ्यासाठी आणलं. माझा वेळ वाचावा म्हणून.

निवृत्त झाल्यावर पहिले काही दिवस ते सकाळी बूट घालून पलंगावर बसून राहायचे. ते मला बघवत नव्हतं. मी देवाला म्हणायचे, यांना काहीतरी काम दे बाबा. देवाने ऐकलं, आणि काम म्हणून मलाच दिलं.

कारखान्यात ते पाळीवरच्या माणसांना कामं वाटून द्यायचे, तसं आता ओट्यासमोर चालतं. फळ्यावर चार रकाने आहेत: तातडीचं, महत्त्वाचं, नंतर आणि सोडून द्यायचं. रोज सकाळी चहाच्या आधी नवं लिहितात. खडूचा चुरा ओट्यावर पडतो, तो पुसायचं काम मात्र कुठल्याच रकान्यात नाही. भाजी निवडताना माझे ओठ हलतात, हे इतक्या वर्षांत त्यांना कधी दिसलं नव्हतं. परवा म्हणाले, एका वेळी एकच काम, यंत्रावर असतीस तर बोट गेलं असतं. तेव्हापासून नामस्मरणाला वेगळी वेळ नेमून दिली आहे. मी डोळे मिटते आणि ते घड्याळ घेऊन दारात उभे राहतात. माळ हातात फिरते गं, पण मन त्या टिकटिकीवरच. इतकी वर्षं ज्याच्या जिवावर काढली, तो देवही हल्ली घाईत असल्यासारखा वाटतो.

सुरुवातीला मी भराभर उरकायची, म्हटलं उरलेला वेळ आपला. तर उरलेल्या वेळात बटणांचा डबा रंगाप्रमाणे लावायला सांगितला, मग कपाटं, मग वरचा माळा. आता मी मुद्दाम हळू करते. एकच पातेलं दोनदा घासते. दुपारी मी मागच्या पायरीवर हिशेब लिहायला बसायचे ना, तो पाच ओळींचा हिशेब मला तासभर पुरायचा, हे तुला ठाऊक आहे. त्याला त्यांनी ‘रिकामा वेळ’ नाव दिलं आणि सोडून द्यायच्या रकान्यात टाकलं. लेकाला फोनवर सांगितलं, तर तो हसला. म्हणाला, आई, बाबांचं मन रमतंय ना, मग रमू दे की. खोटं नाही ते. आताशा ते पोटभर जेवतात, शीळ घालतात. रागावू तरी कशी? रागावले तर ते पुन्हा बूट घालून पलंगावर बसतील.

तुझ्याकडे यायचं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ‘बहिणीकडे’ असं त्यांनी ‘नंतर’मध्ये सगळ्यात खाली लिहिलं. रोज फळा पुसतात, आणि रोज तिथेच, त्याच वळणदार अक्षरात पुन्हा लिहितात. विसरत नाहीत, हेच वाईट. विसरले असते तर आठवण तरी करून देता आली असती.

तातडीचा रकाना अजून कोराच आहे. त्यांचा नियम असा, की तिथे फक्त दुखणंखुपणं जायचं, आणि ते आलं की बाकी सगळं बाजूला. म्हणून हे पत्र. तू आजारी पड. फार मोठं नको, माझ्याच तोंडून तसलं अभद्र नको निघायला. पाठीत उसण भरली, उठता येत नाही, ताईला पाठवा, एवढं पुरे. पाकिटात नको, कार्डावर लिही, म्हणजे आधी त्यांच्याच वाचनात येईल. देवाची माफी मी मागून ठेवली आहे, नेमून दिलेल्या वेळातच. मी आले की मला काही काम सांगू नकोस आणि कशी आहेस म्हणून विचारूही नकोस. नुसती बसू दे. कार्ड मात्र उलट टपाली टाक.

तुझीच,
ताई