शिवणीच्या लाकडाचं विमान

आबा,

तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. गेल्या आठवड्यात मी एक विमान पुरं केलं. लाकडाचं, जेमतेम फूटभर लांबीचं, काळ्या रंगाचं. ते तुम्हाला दाखवावं असं मनात आलं, पण कौतुक व्हावं म्हणून नाही. ते तुमच्यासमोर ठेवावं आणि विचारावं, ह्याच्या हाताला लाकूड कळत नाही असं माझ्याबद्दल शाळेतल्या मास्तरांना सांगितलंत, ते कशावरून. हा प्रश्न तुम्ही होतात तेव्हा मी विचारला नाही. नोकरीत होतो तेव्हा तो बाजूला पडून राहायचा. आता निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरात असतो, आणि तोही असतो.

तुम्हाला आठवत असेल, लढाईची वर्षं होती. मी लोणावळ्यात मामांकडे राहून शिकत होतो, मॅट्रिकला एक वर्ष बाकी होतं. धरणाच्या भिंतीवर आणि घाटातल्या पुलांपाशी पहारे बसले होते. आभाळात दिसलेलं विमान आपलं की जपान्यांचं हे पहारेकऱ्यांना नुसत्या आकारावरून ओळखता यावं, म्हणून त्यांना शिकवायला लाकडी नमुने हवे होते. लष्कराकडून आमच्या हस्तव्यवसायाच्या मास्तरांकडे नकाशे आले. प्रत्येक विमानाची तीन चित्रं होती. एक वरून, एक बाजूनं, एक पुढून. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे नमुन्याचा एक इंच. रंग सगळ्यांना एकच, चकाकी नसलेला काळा. खुणा नाहीत, आकडे नाहीत. खिडकीत दोऱ्यानं टांगलं की उजेडापुढे फक्त आकार दिसायचा. मास्तरांनी नकाशावरून पुठ्ठ्याचे फर्मे कापून ठेवले होते. फर्मा नमुन्यावर बसला तर पास, फट दिसली तर नापास.

मला त्या कामाचं वेड लागलं. दुसऱ्या कशाचं मला कधी इतकं लागलं नाही. पण हात बसत नव्हता. आम्हाला देवदारी खोक्यांच्या फळ्या दिल्या होत्या. गाठीपाशी कानस लावली की ढलपी निघायची, आणि पंख आज सरळ दिसला तर चार दिवसांनी पिळवटलेला. लोणावळ्याची ओल तुम्हाला ठाऊक आहे. माझे दोन नमुने असे वाया गेले. त्यातच मास्तरांनी वर्गात सांगितलं की पुण्याला असे नमुने आणि साचे करण्याचा कारखाना निघाला आहे, तिथे शिकायला आपल्या शाळेतून एक मुलगा घेणार आहेत, आणि दिवाळीनंतर ज्याचा नमुना उत्तम ठरेल त्याचं नाव मी कळवीन. मी जपानी बॉम्बफेकी विमानाचा नकाशा मागून घेतला, दिवाळीच्या सुट्टीत गाडीनं कामशेतला उतरलो आणि तिथून बेडशाला घरी चालत आलो. वाटेत कुठे थांबलोसुद्धा नाही.

तुम्ही पडवीत कुणाच्या तरी कुळवाचं काम करत होता. मी नकाशा जमिनीवर पसरला तेव्हा लाकूड तासायचा वाकस बाजूला ठेवून तुम्ही त्याच्या चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवलेत. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण वरचं चित्र आणि बाजूचं चित्र एकाच वस्तूचं आहे हे तुम्हाला मी न सांगता कळलं. मला ते कळायला दोन दिवस लागले होते. तिसरं, पुढून काढलेलं चित्र तुम्ही पाहिलं न पाहिल्यासारखं केलंत. वरनं कळलं, बाजूनं कळलं, आता म्होरनं आणि काय बघायचं, म्हणालात. मग आत गेलात आणि चुलीवरच्या माळ्यावरून शिवणीचा एक ओंडका काढून आणलात. धुरानं तो काळा पडला होता. जुवासाठी, नांगराच्या रुमण्यासाठी तुम्ही असलं लाकूड तिथे टाकून ठेवायचात.

"हे धर," तुम्ही म्हणालात. "दोन पावसाळं धूर खाल्लाय ह्यानं. आता न्हाई वाकायचं."

ते चार दिवस मला अजून लख्ख दिसतात. तुम्ही मांडी घालून बसला आहात, पायाच्या अंगठ्यानं लाकूड दाबून धरलं आहे, आणि वाकसाच्या दहा-बारा घावांत विमानाचं पोट त्या ओंडक्यातून मोकळं होतं आहे. मी बाजूला उकिडवा. तुम्ही मला कडा हातानं बघायला शिकवता, डोळे मिटून. कुठे खाच लागते ते डोळ्याआधी बोटाला कळतं म्हणता. आई मधेच येऊन विचारते की हे काय करता, आणि तुम्ही म्हणता, तुज्या ल्योकाचं पाखरू. आई हसते. तुम्हीही हसता. तुम्हाला इतकं मोकळं हसताना मी फारसं पाहिलेलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

नकाशात त्या विमानाचे पंख पुढून पाहिले तर सपाट नव्हते. मुळापाशी खाली आणि टोकांकडे चढत गेलेले, थोडेच, पण पहारेकऱ्याला विमान ओळखायला तेवढं पुरतं. ते माप मी घेतलं. पंखांची मुळं तिरपी कापून, घासून, पुन्हा पुन्हा नकाशावर धरून मी ती बसवली. पंख सुटेच ठेवले आणि बारीक काचकागद आणायला कामशेतला गेलो. परत आलो तेव्हा पंख पोटाला चिकटलेले होते. सरस सुकला होता, आत बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या, आणि दोन्ही पंख एका रेषेत, पाण्याच्या पातळीसारखे सपाट. माझी तिरपी कापलेली मुळं तुम्ही रंधून सरळ केली होती.

मी म्हणालो, आबा, हे असं नव्हतं. तुम्ही म्हणालात, तुझं तिरपं झालं होतं, ते नीट केलं. "जू तिरपं बसलं तर बैलाची मान सोलती," असं तुम्ही मला समजावलंत. मी तुमच्यासमोर तिसरं चित्र धरलं. तुम्ही ते बराच वेळ पाहिलंत. मला वाटलं, आता चुकलं म्हणाल.

"मंग आदी सांगायचं व्हतंस," एवढंच म्हणालात आणि कुळवाकडे वळलात.

खुंट्या काढायच्या तर पंख फुटले असते. सुट्टी संपली होती. मी तसंच काळं विमान धोतराच्या फडक्यात गुंडाळून शाळेत नेलं. वरचा फर्मा बसला, इतका बसला की मास्तर नुसते पाहत राहिले. बाजूचा बसला. पुढचा लावला आणि दोन्ही टोकांना बोटभर फट. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, याला बैल कुठं जुंपायचे?" सगळा वर्ग हसला, मास्तरही हसले. त्या पोराला माझा बाप सुतार आहे हे ठाऊकसुद्धा नव्हतं. मास्तरांनी विचारलं, हे पंख कुणी बसवले? मी म्हणालो, मीच केलं सर, सगळं मीच केलं. तुमचं नाव मी घेतलं नाही. मास्तर म्हणाले, डोळे आहेत का बटणं लावली आहेत तुला?

महिन्याभरात बाकीच्या मुलांचे नमुने पिळवटले. माझा जसाच्या तसा राहिला. मास्तरांना त्याचं नवल वाटलं आणि एका रविवारी ते लाकूड बघायला बेडशाला आले. मी बरोबर होतो. तुम्ही त्यांना घोंगडी टाकून दिलीत, आईनं गुळाचा चहा केला. लाकडाचं बोलणं झालं. मग मास्तरांनी कारखान्याची गोष्ट काढली. म्हणाले, मुलाचं काम फार स्वच्छ आहे, असं काम मी शाळेत पाहिलं नाही. पण पंखांत एवढी मोठी चूक कशी केली ते कळत नाही, म्हणून नाव द्यावं की नाही असा घोळ पडला आहे. तुम्ही स्वतः कारागीर आहात, तुम्हीच सांगा.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता सांगाल की ते पंख माझ्या हातनं झाले, पोराचं बरोबर होतं. इतकंच बोलायचं होतं. तेवढ्यानं मी पुण्याला गेलो असतो.

"न्हाई मास्तर," तुम्ही म्हणालात. "ह्याच्या हाताला लाकूड कळत न्हाई. ह्याला कागदाच्या कामातच ऱ्हाऊ द्या."

मास्तरांनी मान हलवली. बापच असं म्हणतो म्हटल्यावर ते तरी काय करणार? वर्गातला तळेगावचा एक मुलगा पुण्याला गेला. मी मॅट्रिक होऊन रेल्वेच्या माल ऑफिसात चिकटलो आणि तिथेच पावत्या लिहून निवृत्त झालो. तुमच्या हयातीत आणखी तीन दिवाळ्या मी घरी आलो. आपण पेरणीचं बोललो, बैलांचं बोललो. तुम्ही त्या रविवारबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. चौथ्या दिवाळीला तुम्ही नव्हता.

तुमचं तेरावं झाल्यावर मी आईला विचारलं. ती म्हणाली, "भ्यालं व्हतं रं ते. तितनं तुला बरम्याला धाडत्याल असं वाटलं त्यास्नी." आपल्या आळीतला एक जण तिकडे, ब्रह्मदेशच्या लढाईवर गेला होता आणि परत आला नव्हता, हे मला माहीत होतं. आईला वाटलं, हे ऐकून माझं मन निवळेल. ते निवळलं नाही. भीती वाटली तर तसं मास्तरांना सांगता आलं असतं. एकुलता पोर आहे, लांब धाडायचा नाही, असं म्हणाला असतात तर मास्तरांनी जोर केला नसता. मला घरी ठेवून घेण्याचा तुम्हाला हक्क होता. पण स्वतःची चूक माझ्या अंगावर ठेवून वर माझ्या हातालाच नावं ठेवायची, हा कुठला हक्क? भीतीनं माणूस मुलाला अडवतो हे मला कळतं. तो मुलाला नालायक कशासाठी ठरवतो ते मात्र आईलाही सांगता आलं नाही. पुढे कितीतरी वर्षं मी हातात साधा खिळाही धरला नाही. घरी खुर्ची मोडली तरी सुतार बोलवायचो. तो काम करताना मी बाहेर जाऊन बसायचो.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी मी लाकूड आणलं. त्याच विमानाचा नकाशा एका जुन्या पुस्तकात मिळाला, तो मोजून मोठा केला. पहिलं विमान एखाद्या भोपळ्यासारखं झालं. दुसऱ्याचं नाक वाकडं. तुम्ही दहा-बारा घावांत काढायचात ते पोट काढायला मला तीन आठवडे लागतात. घरात सगळे समजून घेतात, म्हणजे काही बोलत नाहीत. हे सातवं. गेल्या आठवड्यात तिन्ही फर्मे लावले. तिन्ही बसले. पंखसुद्धा.

हे सातवं तुमच्यासमोर ठेवून तुम्हाला चूक ठरवायचं म्हणून मी लिहायला बसलो. पण सात विमानं केल्यावर, कुणाच्या हातचं काम कसं असतं तेही कळायला लागतं. शाळेत नेलेल्या त्या विमानात, पंखांची मुळं सोडली तर, माझ्या हातचं काही नव्हतं. आणि ती मुळंही तुम्ही रंधून टाकली होती. मास्तर स्वच्छ म्हणाले ते काम तुमचं होतं. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि मलाही. पंख कुणाचे हे सांगितलं असतं तर पोट कुणाचं हेही बाहेर आलं असतं. तुम्ही त्यासाठी गप्प राहिलात की नाही, हे मला माहीत नाही. तसं मानलं तर मला बरं वाटेल, म्हणूनच मी ते मानत नाही. तुम्ही माझ्या बाजूनं एक शब्द बोलायला हवा होतात, हे माझं म्हणणं आजही तेच आहे.

हे पत्र कुणाला वाचायला देणार नाही. त्याचं कारण तुम्ही नाही. वर्गात मी तुमचं नाव घेतलं नाही, बापाची चूक स्वतःवर घेतली, ही गोष्ट मी बायकोला सांगितली आहे, मुलांना सांगितली आहे, आणि तिच्या जोरावर तुमच्यावर चाळीस वर्षं राग धरला आहे. खरं असं आहे आबा, की मीच केलं सर, सगळं मीच केलं, हे वाक्य मला त्या क्षणी सुचलं नव्हतं. मास्तर पंख चालवून घेतील आणि पाठ थोपटतील, या आशेवर ते मी कामशेतहून गाडीत बसल्यापासून मनाशी घोकत आलो होतो.