वाघाची चाल

प्रिय दादा,

आधी पूर्ण वाच, मग हवं तर फाड. तुझी सवय मला माहीत आहे, दोन ओळी वाचायच्या आणि डोक्यात राख घालून घ्यायची. हे पत्र आत तुझ्या हातात देईन असं वकिलांनी कबूल केलंय, म्हणून लिहायला बसले. तू आत गेल्यापासून घरात कुणी धड जेवलेलं नाही. आज अण्णांच्या हाताचं बँडेज सोडलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं गेलीच, अंगठा मात्र हलतो. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. घरी आल्यावर अण्णांनी त्याच हातानं चहाचा कप उचलायला घेतला, तो सुटला. मग त्यांनी डाव्या हातानं टेबलावरचे बाकीचे कप एकेक करून भिंतीवर फोडले. आई नुसती बघत उभी. मी झाडू आणायला वळले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, अजून बशा हायेत." आणि बशाही फोडल्या. खरं सांगू? त्यांना थांबवावंसं मला वाटलंच नाही. मलाही काहीतरी फोडायचंच होतं.

तू त्या शनिवारी चाकणला माल पोचवायला गेला होतास, त्यामुळे तुझा तो दिवस ऐकीव आहे. माझा डोळ्यांसमोर आहे. मला सुट्टी होती, अण्णांचा डबा घेऊन भोसरीला वर्कशॉपमध्ये आले होते. त्या गुंड गणराजनं आधीच निरोप पाठवला होता, यापुढे या गल्लीतलं सगळं भंगार आम्हीच उचलणार. अण्णांनी त्या पोराला हाकलून दिलं होतं, माझा भंगारवाला ठरलेला हाय म्हणून. भर दुपारी दोन गाड्या आल्या. गणराज उतरलाच नाही, शटरसमोर इंजिन चालू ठेवून बसला. त्याची दोन पोरं कोयते घेऊन आत शिरली. अण्णा लेथवर वाकलेले. पहिला वार त्यांनी हातावर झेलला. लेथ फिरतच होता रे, त्यावर रक्त पडलं आणि भिंतीवर, माझ्या ओढणीवर, डब्यावर, सगळीकडे उडालं. मी हाताला लागला तो पाना उचलून फेकला. एकाच्या जबड्यावर बसला, कडकन आवाज आला, दात गेले त्याचे. खोटं कशाला बोलू, तो आवाज आठवला की मला अजून बरं वाटतं. पोरं पळाली. पण निघताना गणराजनं बाहेरूनच आवाज दिला, अगदी निवांत, "उद्धवराव, आता नातीला शाळेत सोडायला कोण जाणार हो?"

ती पोरं धरली गेली. गणराजच्या हातात कोयता नव्हता, तो मोकळा फिरतोय.

पुढे तू काय केलंस ते आपण दोघंच जाणतो. तू रडला नाहीस. अण्णांना टाके पडत होते तेव्हा तू वर्कशॉपचं शटर आतून ओढून घेतलंस, ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा कापलास, तापवून तेलात बुडवलास, ग्राइंडरवर धार काढून त्याचं पातं केलंस. तुझ्या हातचं काम, वाईट कसं होईल? कापडात गुंडाळून मला दाखवलंस, मी धारेवरून बोट फिरवलं आणि बोट कापलं. गणराज बुधवारी सकाळी डांगे चौकातल्या सलूनमध्ये दाढीला बसतो, एकटा, मान मागे टाकून, डोळे मिटून. तू म्हणालास, एकच घाव. मी म्हणाले, स्कूटर मी चालू ठेवते. तू विचारलंही नव्हतंस. मी आपणहून म्हणाले, कारण मला ती मान कापलेली बघायची होती.

आता तुला वाटेल, ही मध्येच खेळाचं काय घेऊन बसली. वाचत राहा. जेवणाच्या सुट्टीत तू आणि अण्णा फरशीवर खडूनं पट आखून वाघ-बकरी खेळायचात. नट म्हणजे वाघ, वॉशर म्हणजे बकऱ्या. बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं, वाघानं उड्या मारून बकऱ्या खायच्या. अण्णांच्या वाढदिवसाला तोच खेळ मी लॅपटॉपवर करून दिला, त्यात बकऱ्या संगणक चालवतो. पण तो एकेका चालीला इतका वेळ लावायचा की अण्णा वैतागून उठून जायचे. माझ्या ऑफिसातला सलिल म्हणाला, छाटणी घाल. म्हणजे प्रत्येक चालीवरचं प्रत्येक उत्तर, त्यावरचं प्रत्येक प्रत्युत्तर असं सगळं झाड पालथं घालायचं नाही, काही फांद्या न बघताच तोडून टाकायच्या. मी घातली, खेळ पळायला लागला, अण्णा खूश. पण मला ते कधी पटलं नाही. न बघता टाकायचं म्हणजे काय? टाकलेल्या फांदीवरच सगळ्यात भारी चाल असली तर? सलिलला विचारून विचारून मी त्याचं डोकं खाल्लं, तो म्हणायचा, अगं गणितानं सिद्ध झालंय, कशाला छळतेस.

अण्णा ऑपरेशननंतर दुपारभर झोपायचे, तेव्हा मी शेजारच्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसायचे. नाहीतर भिंतीवर डोकं आपटलं असतं. काहीबाही बदल करत होते, आणि बकऱ्यांना एकदम वेड लागलं. बकरी टुणटुण उड्या मारत वाघाच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची आणि पडद्यावर आकडा यायचा, आपण जिंकतोय! पुढच्याच चालीला वाघ तिला खाऊन मोकळा. चूक शोधली तर ती अशी, की वाघाची पाळी आली तरी प्रोग्रॅम बकऱ्यांना सोयीचं उत्तर निवडत होता. वाघानं काय खेळायचं तेही माझ्या बकऱ्याच ठरवत होत्या. मी वॉर्डात खो खो हसले, सिस्टर डोळे वटारून बघायला लागल्या.

आणि हसता हसता ती छाटणी मला कळली, दादा. समज, बकऱ्यांची एक चाल आपण पूर्ण तपासली. वाघानं काहीही केलं तरी त्यात फार तर एक बकरी जाते. ही आपल्या हातातली खात्री. आता दुसरी चाल तपासायला घेतली आणि वाघाचं पहिलंच उत्तर असं निघालं की दोन बकऱ्या जातात. संपलं. पुढे बघायचंच नाही. त्या चालीवर वाघाकडे आणखी ढीगभर उत्तरं असतील, काहींत एकही बकरी जात नसेल. पण निवडणार कोण? वाघ. दोन खायला मिळत असताना तो उपाशी कशाला राहील? आणि उरलेल्यांत तीन बकऱ्या जाणारं उत्तर निघालं, तरी आपल्याला काय फरक पडतो, ती चाल आधीच बाद झालीय. उरलेलं चांगलं निघो नाहीतर वाईट, निर्णय तोच राहतो, म्हणून न बघता टाकता येतं. आणि वाघाचं सगळ्यात जहरी उत्तर आधी बघितलं तर फांदी लगेच तुटते. गोडगोड उत्तरं आधी बघत बसलं की उगाच झाडभर हिंडावं लागतं.

तू गोडगोडच बघत होतास. गणराज पडला की त्याची पोरं पांगतील. पोलिसांनाही तो नकोच आहे. वकील सोडवतील. गल्लीतले लोक तुला खांद्यावर घेतील. अरे, या सगळ्या दुसऱ्यांच्या चाली आहेत आणि त्या तूच खेळून मोकळा झालास! मी फक्त एक उत्तर बघितलं. तू तुरुंगात, गणराज मेलेला, आणि त्याचा भाऊ तुझ्या सईच्या शाळेच्या फाटकासमोर गाडी लावून उभा. तिची शाळा त्यांना ठाऊक आहे, तोंडानं बोलून गेलेत. तू म्हणशील, लहान पोरीला कशाला हात लावतील. नसतील लावणार. मीही तसं धरून चालले असते, पण ठरवणार ते आहेत, मी नाही. त्यापुढे किती वाईट होईल ते मला बघायचंच नव्हतं. आपल्या हातात आज जे आहे ते घाणेरडं आहे: अण्णांचा अर्धा हात, बंद शटर, आणि गणराज उजळ माथ्यानं फिरतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तो उद्या ट्रकखाली मेला तर मी पेढे वाटीन. पण सई आहे, दादा. सगळे जिवंत आहोत.

मंगळवारी सोसायटीच्या गेटपाशी मी तुला हेच सांगायला गेले आणि तू मला थोबाडीत मारलीस. वॉचमननं मान फिरवली. तू म्हणालास, तुझ्या त्या खेळण्यातल्या बकऱ्या घाल चुलीत, घाबरट कुठली. कान संध्याकाळपर्यंत गुणगुणत होता. तू गेल्यावर मी तिथेच कठड्यावर बसले आणि माझ्याच चाली तपासल्या. पातं लपवावं? तू दुपारपर्यंत दुसरं केलं असतंस. आईला सांगावं? ती दारात आडवी पडली असती आणि तू तिला ओलांडून गेला असतास. वहिनीला सांगावं? तिला तर तू शपथ घालून गप्प बसवलं असतंस. स्कूटर घेऊन आलेच नसते? रिक्षानं गेला असतास. प्रत्येक चालीला तुझं एकच उत्तर बघितलं आणि टाकून दिली. तुझ्यापुढेही मला वाघापुढे बसल्यासारखं बसावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं. तू वहिनीजवळ निरोप दिलास म्हणे, की सुटल्यावर आधी टीप देणाऱ्याचे हातपाय तोडेन आणि मग गणराजकडे बघेन. वर्कशॉपमधल्या पोरांवर तुझा संशय आहे, त्यांना यातलं काही माहीत नाही, त्यांच्या अंगाला हात लावू नकोस. बुधवारी डांगे चौकात पोलिसांनी तुला सलूनच्या अलीकडे अडवलं, कारण सकाळी फोन मी केला होता. तुझं नाव, शर्टाचा रंग, पातं कुठे बांधलंय, सगळं मी सांगितलं. त्या चालीचं सगळ्यात वाईट उत्तर मी आधीच बघून ठेवलं होतं: तू जन्मात माझं तोंड बघणार नाहीस. ते मला सोसेल असं वाटलं. सोसत नाहीये, तरी आज पुन्हा तेच करीन. सईला शाळेत मी सोडते, मीच आणते. तुझा जामीन झाला की मी तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभी असेन. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या गाडीवर बसू नकोस, दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या तर दे. मी मागच्या रिक्षातून येईन, तू डांगे चौकाकडे न वळता घरात शिरलास एवढं बघीन, आणि मग तू सांगशील तिथे निघून जाईन.

तू नाही म्हणालास तरी तुझीच,
उत्कर्षा