भिंत सरकवावी, झाड नाही

मी, खाली सही करणारी, वय ७४ पूर्ण, शिक्षण मॅट्रिक (पहिल्याच खेपेस), काम घर चालवणे, आज सकाळी आंघोळ आणि जप आटोपून, पूर्ण शुद्धीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. तशी कोणाची छाती या घरात कधी झाली नाही. गुडघे दुखतात, रक्तदाबाची एक गोळी आहे, डोके ठीक आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. त्यात त्यांनी तारीख चुकवली होती, ती मी दुरुस्त करून घेतली.

‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असे सुरुवातीलाच लिहायचे असते, असे वकील म्हणाले. मी यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. रद्द करण्यासारखी माझी एकच गोष्ट आहे, ती कलम पाचमध्ये येईल.

१. राहते घर आमचे हे गेल्यावर माझ्या नावावर झाले. ते माझ्या मुलाला आणि मुलीला निम्मे निम्मे. दोघे ते विकणार हे मला माहीत आहे आणि माझी ना नाही. देवाने जीव दिला तो विटांत अडकवण्यासाठी नव्हे. मात्र मागच्या भेटीत मुलगा मागच्या अंगणात पावले टाकत होता. मी विचारले, “काय रे, काय मोजतोस?”

“काही नाही गं. घेणाऱ्याची गाडी बसेल का, बघतोय.”

“आणि झाड?”

“झाड काय आई, दुसरं लावता येईल.”

येईल की. एकतीस वर्षे लागतील, तेवढी त्याने माझ्यासाठी कुठूनतरी आणावीत. तोवर जे घर विकायचे ते कलम चारप्रमाणे कमी झालेले घर, हे दोघांनी ध्यानात ठेवावे.

२. पोस्टातील ठेव दोघांना सारखी. बांगड्या आणि जपमाळ मुलीला. ती जप करणार नाही, पण माळ हरवणारही नाही. शिलाई मशीन सुनेला, कारण त्याला तेल घालायचे असते हे घरात तिलाच ठाऊक आहे. माझ्या नणंदेने बावीस वर्षांपूर्वी “पाहुणे आलेत” म्हणून मोठे पातेले नेले. पाहुणे एव्हाना गेले असावेत. ते पातेले तिलाच दिले असे समजावे. झाकण माझ्याकडे आहे, तेही घेऊन जावे.

३. आता झाडाविषयी. मागच्या अंगणात, धाकट्या जाऊबाईंच्या आणि आमच्या सामाईक भिंतीपासून सहा फुटांवर, जपानी मेपल आहे. ते मी विकत घेतलेले नाही. रोपवाटिकेच्या दारात टाकून दिलेल्या रोपांत ते पडले होते, एक बाजू वाळलेली, कुंडी फुटलेली. मी मालकांना म्हटले, “फेकताच आहात तर मला द्या.”

ते म्हणाले, “काकू, न्या खुशाल. पण हे वर्षभर जगलं तर मी मिशी काढीन.”

वर्षाने मी त्यांना घरी चहाला बोलावले. ते भल्या माणसाप्रमाणे पुढच्या आठवड्यात मिशीशिवाय आले आणि आजतागायत तसेच आहेत.

या झाडाला खायचे फळ नाही, देवाला वाहावे असे फूल नाही. शेजारीपाजारी म्हणत, “एवढी काटकसरी बाई, आणि बिनकामाचं झाड पोसते.” मी म्हणे, देवाने काही गोष्टी नुसत्या बघण्यासाठी केल्या आहेत, त्या बघणे हीच त्याची सेवा. पानगळीआधी दहाबारा दिवस ते झाड जसे लालभडक पेटते, ते पाहून एकानेही पुन्हा विचारले नाही.

४. हे झाड हलवता येणार नाही. रोपवाटिकेच्या मालकांनी स्पष्ट सांगितले, मुळे उथळ आणि दूरवर पसरलेली आहेत, या वयात उपटले तर मरेल. मी बराच विचार केला. झाड हलत नाही, पण भिंत हलू शकते. सबब, सामाईक भिंत आमच्या बाजूला बारा फूट सरकवावी, आणि त्या बारा फुटांतली जमीन झाडासह माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या मालकीची व्हावी. भिंतीचा खर्च पोस्टातील ठेवीतून आधी वजा करावा, मग वाटणी. घराची किंमत उतरेल हे मला कळते. जो वारस या भिंतीला हरकत घेईल, त्याचा घरातला हिस्सा दुसऱ्याला जाईल. हे मी रागाने लिहीत नाही. माझी मुले शहाणी आहेत, शहाण्या माणसाला कारण लेखी दिलेले बरे असते.

५. जाऊबाईंनाच का, हे मुले विचारतील, कारण अकरा वर्षे आमच्यात बोलणे नाही हे त्यांनी पाहिले आहे. ते असे झाले. झाडाची एक फांदी भिंतीवरून त्यांच्या कपड्यांच्या दोरीवर आली होती. त्यांनी ती ऐन पालवीच्या दिवसांत कापली. मेपलला तेव्हा रस चढलेला असतो. बारा दिवस त्या जखमेतून पाणी ठिबकत होते आणि दोन वर्षे झाड रुसून होते. आमचे हे जमीन मोजणी खात्यात होते, ते म्हणाले, “फांदी त्यांच्या हद्दीत होती. कायद्याने त्यांचं बरोबर आहे.” मी यांच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

पण फांदी कापल्याने बोलणे तुटले नाही. ते माझ्या वाक्याने तुटले. जाऊबाईंना मूल नाही. मी भिंतीशी उभी राहून म्हटले, “ज्यांनी कधी काही वाढवलं नाही, त्यांना काय कळणार?” त्यांनी हातातली कातर पायरीवर ठेवली आणि आत गेल्या. दीर वारले तेव्हा मी भेटायला गेले, बसले, उठून आले. आम्ही दोघीही त्याबद्दल बोललो नाही.

तीन वर्षांपूर्वी मी उन्हाळ्यात चाळीस दिवस इस्पितळात होते. घरात पाणी घालायला कोणी नव्हते. परत येताना मी गाडीत देवाला सांगून ठेवले होते, झाड गेले असेल तर तुझी इच्छा. आले तर एक पान करपलेले नव्हते. दुपारी एक ते तीन जे ऊन त्याला जाळते, त्या बाजूला बांबूला बांधून जुनी निळी चादर लावलेली होती. बुंध्याभोवती वाळला पाला, तोही बुंध्यापासून चार बोटे लांब, जसा हवा तसा. मी ती चादर धुऊन, इस्त्री करून भिंतीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. दर उन्हाळ्यात ती पुन्हा त्या बांबूंवर येते आणि मी पानगळीला परत करते.

तरी वर लिहिलेले माझे वाक्य मी या मृत्युपत्राने संपूर्ण रद्द करते. ते खोटे होते, आणि खोटे आहे हे मला म्हणतानाच माहीत होते. हे मी तोंडानेही सांगणार आहे. माणसाचे राहून जाते, म्हणून कागदावर असावे.

६. झारी, खुरपे आणि बारीक कातर जाऊबाईंना. कातर कळून-सवरून देत आहे. कापायचे ते पाने पूर्ण गळल्यावर. वाळक्या काड्या हातानेच मोडाव्यात, त्या आपण होऊन येतात. कलमाच्या सांध्याखालून हिरवे फुटवे येतील, ते जोमदार दिसतात म्हणून लोभ धरू नये, अंगठ्याने खुडावेत, नाहीतर वरचे लाल झाड उपाशी मरते. पाणी सकाळी, सावकाश. माझ्या वहीत पहिली पालवी आणि शेवटचे पान यांच्या तारखा एकतीस वर्षांच्या आहेत, ती वहीही त्यांना. त्यात इस्पितळाच्या उन्हाळ्याचे पान कोरे आहे. तेव्हा काय झाले हे त्यांना माहीत आहे, त्यांनी ते भरावे.

७. गेल्या आठवड्यात नवी हद्द मोजण्यासाठी रोपवाटिकेचे मालक आणि मी दोरी धरून अंगणात होतो. भिंतीपलीकडून आवाज आला, “ताई, दोरी झोळ खातेय. ताणून धरा.”

अकरा वर्षांनी. मी ताणून धरली. मालकांनी खडूने खूण केली. जाऊबाई भिंतीशी आल्या, खुणेकडे पाहिले, म्हणाल्या, “भिंत कुणीकडे सरकतेय?”

मी म्हटले, “माझ्याकडे.”

त्यांनी खुणेपासून बुंध्यापर्यंतचे अंतर नजरेने मोजले. मग म्हणाल्या, “मग पाया खणू नका. मुळं तिथवर गेलीत. खांब रोवा नुसते, आणि तेही हाताने खड्डे घेऊन.”

मालकांनी खुरप्याने माती बाजूला केली. खुणेच्या पलीकडे दीड हातावर, करंगळीएवढे मूळ निघाले. हे मला माहीत नव्हते.

सबब, नवी हद्द पाया न खणता, हाताने घेतलेल्या खड्ड्यांत खांब रोवून करावी, आणि जुन्या भिंतीचा पाया उकरू नये. ही अट माझी नाही, त्यांची आहे. मी लिहून घेतली.

ज्याला मिळायचे त्याने साक्ष द्यायची नसते, असे वकील म्हणाले. नाहीतर इथे पहिली सही जाऊबाईंचीच असती.

साक्षीदार :
१. रोपवाटिकेचे मालक (सही)
२. घरचे डॉक्टर (सही, तारीख तपासून)

ठिकाण : राहत्या घराचे मागचे अंगण, खडूच्या खुणेच्या अलीकडे
दिनांक : ९ डिसेंबर, झाडाचे शेवटचे पान काल पडले

लिहून ठेवणारी,
(सही)